तार न लागलेला डोळा

प्रिय वादळराव,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरला असशील. बाबांचं पत्र म्हणजे कुणीतरी गेलं, असंच तुला वाटणार. कुणी गेलेलं नाही. तुझी आई ठणठणीत आहे आणि सकाळपासून माझ्यावर दोनदा चिडून झालीय, त्यावरून तिच्या तब्येतीची कल्पना कर. दुपारची वेळ आहे. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंय आणि काच कापायच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून त्यावर हा कागद ठेवलाय. फोनवर बोलायचं मी चार वेळा ठरवलं. पण आपलं फोनवरचं बोलणं तुला माहीत आहे. रोज सकाळी तू विचारतोस, डोळा उघडला का. मी म्हणतो, उघडला. तू म्हणतोस, बरं. मी म्हणतो, आईला देतो. तू घर सोडून गेल्यापासून आपण दोघांनी यापुढे गाडी नेलेली नाही. आज जे सांगायचंय ते त्यात बसणारं नाही. शिवाय माझाच अजून त्यावर धड विश्वास बसलेला नाही, म्हणून लिहून बघतोय. लिहिलं की निदान मी काय म्हणतोय ते माझं मला तरी कळेल.

गेल्या मंगळवारपासून सुरुवात करतो. माझी सकाळची कवायत तुला पाठ आहे. जाग आली तरी डोळे उघडायचे नाहीत. आधी पापण्यांच्या आतल्या आत बुबुळं हळूच डावीउजवीकडे फिरवायची, मग चाचपडत स्टुलावरची बाटली घ्यायची, मिटल्या पापण्यांच्या कोपऱ्यात थेंब सोडायचे, पन्नासपर्यंत आकडे मोजायचे आणि मग उजव्या पापणीला बोटाचा आधार देत, चिकटलेलं पाकीट न फाडता उघडावं तसं उघडायचं. इतकं करूनही तीन-चार आठवड्यांतून एकदा पापणीबरोबर बुबुळावरची साल निघतेच. आपण घरात ज्याला डोळा फाटला म्हणतो, ते. मग काय होतं तेही तू लहानपणापासून बघितलंयस. पाण्याची धार, डोळ्यात ब्लेडचा तुकडा फिरतोय असं दुखणं, दुपारपर्यंत पडदे ओढलेली खोली आणि पडद्याआडून तुझ्या आईचं, आवाज करू नका रे. तर मंगळवारी मी ही सगळी कवायत एक आकडासुद्धा न चुकवता केली. उजवा डोळा लोण्यासारखा उघडला. मी मनात म्हटलं, आजचा दिवस आपला. आणि त्याच क्षणी डावा फाटला.

मला वाटलं, माझंच डावंउजवं चुकतंय. इतक्या वर्षांत दुखणं कुठल्या बाजूला असतं हे डोक्याला इतकं माहीत झालंय की दुखायला लागलं म्हणजे तो उजवाच असणार. मी डोळ्यावर पंजा दाबून बसलो आणि तुझ्या आईला म्हणालो, परत उजवा. तिने माझा हात बाजूला केला आणि बघत राहिली. मग म्हणाली, अहो, हा डावा आहे. मी तिच्यावर खेकसलो. मग तिने माझा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि मला खरंच काही दिसेना, नुसतं पाणी आणि लाल उजेड. खाटेवर बसल्या बसल्या मी घाबरलो. दुखण्याने नव्हे, दुखण्याशी तर आता ओळख झालीय. डाव्या डोळ्याला आयुष्यात कधी काही लागलेलं नाही. तार उजव्या डोळ्यात गेली होती. हे मला माहीत आहे, तुझ्या आईला माहीत आहे, तुला माहीत आहे आणि या गल्लीतल्या झाडून सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच ते त्यांना सांगितलंय.

किती जणांना सांगितलंय याचा या आठवड्यात मी हिशेब लावत होतो. फ्रेम करायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने माझा लाल डोळा बघून विचारलं असेल आणि मी प्रत्येकाला सांगितलं असेल की हा आमच्या चिरंजीवांचा प्रताप. तू नऊ वर्षांचा होतास, तसबिरी टांगायची तार कापत होतो, तू वेटोळं धरून उभा होतास, तुझं लक्ष रस्त्यावर गेलं, तू वेटोळं सोडलंस आणि तार उसळून थेट माझ्या बुबुळावर. ओरखडा तीन दिवसांत भरला. पाच महिन्यांनी एका सकाळी डोळा पहिल्यांदा फाटला आणि मग फाटतच राहिला. गोष्ट एवढीच. पण सांगता सांगता ती तार दर वर्षी फूटभर लांब होत गेली. तुझं वादळराव हे नावही त्याच गोष्टीतून निघालं. ज्याच्या हाताला शिस्त नाही तो वादळराव. आज पत्राच्या सुरुवातीला सवयीने तेच लिहून गेलो, आणि आता ते खोडावं की ठेवावं मला कळत नाही. तुझ्या लग्नात तुझ्या सासऱ्यांसमोर, भरल्या मांडवात मी ती गोष्ट सांगितली होती आणि शेवटी म्हणालो होतो, मुलीला म्हणावं, डोळे सांभाळून राहा. सगळे हसले. तूही हसलास. तुझं ते हसणं मला तेव्हा दिसलं नव्हतं, या आठवड्यात दिसायला लागलंय.

आणि दुकानाचं. त्या दिवसानंतर मी तुला टेबलाजवळ येऊ दिलं नाही. यायचं तर उंबऱ्यापाशी, हात पाठीमागे. तू शाळेतून यायचास आणि तास तास तिथे तसा उभा राहून बघायचास. पट्टीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत कसा कापतात, काचेवर हिरकणी ओढली की कोणता आवाज आला म्हणजे ती सरळ तुटणार, हे तुला माझ्याइतकंच कळत होतं. एकदा तू लांबूनच म्हणालास, बाबा, ही वाकडी जाणार, आणि ती वाकडीच गेली. मी तुला रागावलो. पुढे तू नकाशे काढणाऱ्या कचेरीत लागलास, चांगलं झालं, मी सगळ्यांना अभिमानाने सांगतो. पण अजूनही तू घरी आलास की दुकानात उंबऱ्यापाशीच उभा राहतोस, हात मागे. सूनबाई तुला तपासनीस म्हणून चिडवते. तिला बिचारीला काय माहीत. मला माहीत होतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

असो. मंगळवारीच आम्ही मोठ्या इस्पितळात गेलो. आपले चौकातले जुने डॉक्टर आता दवाखान्यात बसत नाहीत, त्यांचे स्वतःचेच दोन्ही मोतीबिंदू निघालेत. इस्पितळात एक नवी डॉक्टरीणबाई आहे, तुझ्यापेक्षा लहानच असेल. आधी वाटलं, ही पोरगी काय बघणार. तिने मला त्या यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, उजेडाची बारीक चीर डोळ्यावर टाकली आणि बघत बसली. डावा झाला, मग उजवा, मग परत डावा. डोळ्यात पिवळा थेंब घालून निळ्या उजेडात परत दोन्ही. मी म्हणालो, बाई, दुखतोय डावा. ती म्हणाली, कळलं, पण मला दोन्ही बघू द्या. तेवढ्या वेळात मी तिला नेहमीची गोष्ट रंगवून सांगितली, वादळरावांसकट. ती हसली नाही. मला जरा रागच आला, कारण त्या जागेला सगळे हसतात. तिने विचारलं, तार डावीकडेही लागली होती का. मी म्हटलं, छे, एकच टोक होतं. त्याआधी कधी डोळ्यांना काही? कधीच नाही, मी म्हणालो.

मग तिने कागद घेतला आणि मला समजावून सांगितलं. तुझ्यासाठी मी माझ्या भाषेत सांगतो. पुठ्ठ्यावर फोटो चिकटवताना सरस सगळीकडे सारखा लागला नाही तर वरून तो छान दिसतो, पण मधे मधे फुगे राहतात. नखाचा धक्का लागला की तेवढाच भाग उचलला जातो. बुबुळावर एक पातळ पारदर्शक साल असते आणि ती खालच्या थराला धरून असते. माझ्या दोन्ही डोळ्यांत ते धरणंच मुळात कच्चं आहे. सालीखाली नकाशातल्या रेघांसारख्या रेघा दिसतात, ठिपके दिसतात, बोटाच्या ठशासारख्या वळ्या दिसतात. दोन्हीकडे सारख्या. अशा रेघा मार लागून येत नाहीत, ती म्हणाली, तुमच्या डोळ्यांची घडणच तशी आहे. पुष्कळ जणांची असते, बऱ्याच जणांना जन्मभर त्रासही होत नाही. मी विचारलं, मग तार? ती म्हणाली, उजव्या डोळ्याला तारेने निमित्त दिलं असेल, नाही असं मी म्हणणार नाही. पण तारेवर सगळं ढकलू नका, काका. ती लागली नसती तरी हे कधीतरी सुरू झालंच असतं, डावा झालाच की.

मी वाद घालायला तोंड उघडलं, तोच मागच्या खुर्चीतून तुझी आई म्हणाली, अहो, पण लग्नाच्या वर्षीसुद्धा तुमच्या डोळ्यांना सकाळी पाणी यायचं. मी वळून बघितलं. ती अगदी सहज बोलली होती, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. म्हणाली, तुम्ही उठल्यावर डोळ्यांवर हात धरून बसायचा आणि घळाघळा पाणी वाहायचं, मला वाटायचं, तुम्हाला तुमच्या आईची आठवण येते आणि सांगायला लाज वाटते. म्हणून मी कधी विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आणि मला आठवलं. एकदम, सगळं. ते पहिलं भाड्याचं घर, खिडकीवरचं निळं कापड, सकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचायचं ते. वर्षभर अधूनमधून चाललं असेल, मग आपोआप थांबलं. तेव्हा तुझा जन्मही झालेला नव्हता. म्हणजे ज्या दुखण्याची मी पंचवीस वर्षं तुझ्यावर फिर्याद केली, ते तुझ्याहून वयाने मोठं आहे.

घरी येईपर्यंत मी डोळ्यावर रुमाल धरून पुढे पुढे चालत राहिलो. तुझी आई घाबरली, तिला वाटलं, डोळा जास्त दुखतोय. माझी अवस्था एखाद्याने भर रस्त्यात थोबाडीत मारावी आणि मारणारा दिसूच नये अशी झाली होती. दोन दिवस दुकानात नुसता बसून राहिलो. माउंटच्या पुठ्ठ्यांच्या कपाटात मांजर व्यायलीय, तीन पिल्लं आहेत, त्यांच्याकडे बघत बसायचो. सात फ्रेमा तयार व्हायच्या राहिल्यात, गिऱ्हाइकं येऊन परत जातात आणि डोळ्याचं विचारतात. परवा एकाने विचारलं, काय, चिरंजीवांचा प्रताप का? त्याला ती गोष्ट मीच सांगितलेली. मी म्हणालो, नाही हो. तो म्हणाला, म्हणजे? मी त्याची फ्रेम शोधायला लागलो.

आता जे लिहितोय ते तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. दोन दिवस बसून मी तो दिवस परत आठवत होतो, गिऱ्हाइकांना सांगतो तसा नव्हे, घडला तसा. मला काम शिकवणाऱ्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती. वेटोळ्यातली तार कापायची तर कापणाऱ्याने सुटं टोक पायाखाली दाबायचं, मग पकड चालवायची. तार उसळते, तिचा तो स्वभाव आहे. वेटोळं धरणाऱ्याचा त्यात काही संबंध नसतो, तो कितीही घट्ट धरो. त्या दिवशी दारात एक गिऱ्हाईक घाई करत उभं होतं आणि मी टोकावर पाय न ठेवता तार कापली. टोक लागल्यावर मी उजवा डोळा गच्च दाबून वर बघितलं. डाव्या डोळ्याने मला तू दिसलास. वेटोळं तुझ्या दोन्ही हातांत होतं, इतकं घट्ट की तुझी बोटं पांढरी पडली होती. आणि मी ओरडून विचारलं, सोडलंस ना? तू हो म्हणालास. नऊ वर्षांचा पोरगा, बापाच्या डोळ्यातून पाणी वाहतंय, बाप ओरडतोय, तो आणखी काय म्हणणार. मला हे इतकी वर्षं माहीत होतं का? होतंही आणि नव्हतंही. दुखत असताना कुणावर तरी चिडायला मिळालं की जरा बरं वाटतं रे. मला ते बरं वाटणं सोडवलं नाही. तुला आता त्यातलं काय आठवतं, मला ठाऊक नाही. कदाचित तुलाही मी सांगितलेलीच गोष्ट आठवत असेल. मला सगळ्यात भीती त्याची वाटते. तेव्हा माझ्या हातचं लिहिलेलं तुझ्याजवळ असू दे. तू सोडलं नव्हतंस. माझी चूक होती आणि मी ती तुझ्या नावावर खपवली. मला त्याची लाज वाटते.

उपचाराचंही लिहायला हवं, कारण तू विचारशीलच. गेली वीस वर्षं तू आणि तुझी आई माझ्या मागे लागला आहात आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी काढून टाळतोय. डॉक्टरीणबाईंनी परवा बोलावून सगळं परत नीट सांगितलं, तासभर. एक म्हणजे आहे तेच चालू ठेवायचं. मिठाचे थेंब, झोपताना मिठाचं मलम, अगदी न चुकता महिनोन् महिने. मी मधे जरा बरं वाटलं की बंद करतो, ते चालणार नाही. हे तिला कसं कळलं कोण जाणे, तुझ्या आईने डोळे मिचकावले असणार. दुसरं, बुबुळावर पट्टीसारखी मऊ लेन्स काही आठवडे बसवून ठेवायची. ते मागे एकदा झालंय, करवतीच्या भुशाने लेन्सची काय दशा झाली तुला आठवत असेल. तिसरं, सुईने बारीक टोचे मारायचे, म्हणजे खालचा थर खरबरीत होऊन साल त्याला धरते. हे मला पटलं होतं, आम्हीही गुळगुळीत लाकूड आधी खरवडतो आणि मगच सरस लावतो. पण माझ्या रेघा अगदी मधोमध, नजरेच्या वाटेवर आहेत, तिथे टोचले तर खुणा कायमच्या दिसत राहतील, म्हणून डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. चौथं, सैल साल काढून टाकायची आणि खालचा भाग हिऱ्याची पूड लावलेल्या बारीक फिरत्या टोकाने घासून साफ करायचा, नवी साल येते ती घट्ट बसते. पाचवं, तेच काम लेसरने.

तुझ्या आईचं मत लेसरला. यंत्राचा हात थरथरत नाही म्हणते. ते यंत्र इथे नाही, दूरच्या शहरात आहे, आणि त्याने चष्म्याचा नंबर थोडा बदलू शकतो. माझं सगळं काम हातभर अंतरावरचं, मला ते परवडणारं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्हींचा गुण साधारण सारखाच, बहुतेकांना पुढे वर्षानुवर्षं त्रास होत नाही, काहींना परत होतो, हमी कशाचीच देणार नाही. हिऱ्याचं काम त्या स्वतः इथेच करतात. पण हिरा म्हटल्यावर माझं काय झालं असेल तू ओळख. चाळीस वर्षं मी हिरकणीने काच कापतोय. ती काचेवर ओढली की काय होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत? त्या म्हणाल्या, काका, कापायचं नाही, घासायचंय, मिनिटभराचं काम आहे, डोळा बधिर असतो. पण नंतरचे तीन-चार दिवस वाईट जातात हेही त्यांनी लपवलं नाही, आणि महिनाभर धूसर दिसणार. मी म्हणालो, विचार करून सांगतो. खरं सांगायचं तर माझा विचार झालेला होता. नाही म्हणायचं. साठी झाली, आता आणखी किती वर्षं डोळे उघडायचेत. दुखतं तेव्हा दुखतं, नसतं तेव्हा विसरतो. निघताना बाईंनी सहज विचारलं, मुलं किती. मी म्हटलं, एक मुलगा, त्याचे डोळे ठणठणीत. त्या म्हणाल्या, हे कधी कधी घराण्यात चालतं, एकदा तपासून घ्या म्हणावं.

त्याच संध्याकाळी तुझ्या आईने सूनबाईला फोन केला, मी समोरच होतो. आईने सगळं सांगितलं. सूनबाई म्हणाली, आई, त्याचंही तसंच होतं सकाळी. तीन वर्षं झाली. न्हाणीघरात जाऊन ओला रुमाल डोळ्यावर धरून बसतो, नळ सोडून ठेवतो, म्हणजे मला कळू नये. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणतो, बाबांना सांगू नकोस, त्यांचा डोळा मी फोडला, आता माझा दुखतोय, फिटंफाट. तुझी आई रडायला लागली. मला रडताही येईना. म्हणजे तू रोज मला उघडला का विचारायचास, तेव्हा कधी कधी तुझा स्वतःचा मिटलेला असायचा. म्हणून हे पत्र लिहिलंय. या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि पहिलं वाक्य हे सांग, की माझ्या वडिलांना हे दोन्ही डोळ्यांत आहे, तरुणपणापासून. मला मिळाला नाही तो वेळ तुला मिळालाय. तुझ्या बाबतीत कदाचित नुसत्या मलमावर भागेल, आणि तसं ते म्हणाले तर एक दिवसही चुकवू नकोस. पण उद्या तुलाही हिरा की लेसर हे ठरवायची वेळ आलीच, तर कसं वाटतं, किती दुखतं, किती दिवसांनी नीट दिसतं, हे सांगायला तुझ्या घरातलं कुणीतरी हवं. म्हणून काल मी परत गेलो आणि हिऱ्याच्या कामाच्या संमतीच्या कागदावर सही करून आलो. बावीस तारखेला सकाळी दहा वाजता, उजवा डोळा. फिटंफाट कसली रे, तुझ्याकडून मला काही आलेलंच नव्हतं. माझ्याकडून तुला गेलंय. तेव्हा आधी माझ्यावर होऊ दे.

तुझाच,
बाबा